दाढेवरची पायवाट

पाणीपट्टीच्या खिडकीमागे बसलेल्या कारकुनाने खुर्चीत मान मागे टाकून लांबलचक जांभई दिली, आणि मी त्याच्या तोंडात बघितलं. त्यात माझा दोष नाही. कुणी समोरच्याच्या चपला बघतं, कुणी हातातलं घड्याळ. मी माणसाने तोंड उघडायची वाट बघते. उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांचे दात घडवण्यात गेली की नजरेला हे वळण लागतंच. लोकांना वाटतं, बाई किती लक्ष देऊन ऐकतेय. मी कसली ऐकते, मी दात बघत असते. तर त्या जांभईत, डोक्यावरच्या ट्यूबच्या उजेडात, मला खालच्या ओळीतली डावीकडची मोठी दाढ दिसली आणि हातातला अर्ज मी तसाच धरून राहिले. दाढ बाहेरदेशातून येणाऱ्या चकतीची होती, त्या पांढऱ्या थाळीतून मशीनने कापून काढतात तशी. त्यात शंकाच नको. तो पांढरेपणा मला लांबून कळतो, नव्या गिलाव्यासारखा, कुठेही सावली नाही. पण तिच्या माथ्यावर पायवाट होती.

दातांच्या डॉक्टरांना सगळे ओळखतात. डॉक्टर जे दात बसवतात ते कुठून येतात हे मात्र कुणी विचारत नाही. ते आमच्याकडून येतात. डॉक्टर तोंडाचा ठसा घेतात, आम्ही त्या ठशात प्लास्टर ओतून तोंड उभं करतो आणि गेलेल्या दाताच्या जागी मेणाचा दात कोरतो. मग मेणाच्या जागी धातू ओतला जातो, धातूवर चिनी मातीच्या पावडरचे थर चढतात, भट्टीत जातात, आणि बाहेर येतो तो तुमचा दात. दाढेच्या माथ्यावर मधोमध खळगा असतो आणि त्यातून चहूकडे खाचा निघतात. तशा त्या सगळ्यांना असतात. पण आमच्या दाढांवर एक खाच जास्तीची असे. खळग्यातून निघून, जिभेच्या बाजूचा काठ ओलांडून, पलीकडे उतरणारी. ती कुठल्या पुस्तकात नाही. मास्तरांनी ती आम्हाला शिकवली आणि आम्ही तिला पायवाट म्हणत आलो. मास्तर म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी आणि माझ्यासारखे कितीतरी शिकले ते. आमच्या धंद्यात असं म्हणतात की घडवणारा शेवटी स्वतःच्याच तोंडातली दाढ घडवतो. रात्रंदिवस जीभ जिथे फिरते तोच आकार हातात उतरतो. तेव्हा पायवाट ही मास्तरांच्या दाढेवरची, हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. अर्धं शहर मास्तरांच्या दाढेनं चावतंय, असं मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायची, आणि तो हसला की त्याचे दात बघून घ्यायची.

आता या कारकुनाच्या तोंडात ती पायवाट मशीनने कापलेल्या दाढेवर होती. मशीनला कुठलं आलंय मास्तरांचं तोंड? म्हणजे मागे कुणाचा तरी हात असणार, आणि आमच्यापैकी कुणाचा तरी. "बाई, अर्ज द्या की," कारकून म्हणाला. मी अर्ज सरकवला. "सासऱ्यांचं नाव काढून सासूबाईंचं लावायचंय. दाढ कधी बसवलीत?" त्याने तोंडावर हात ठेवला, चोरी पकडल्यासारखा. "पाणीपट्टीचं बोला." "पाणीपट्टीचंच बोलतेय. दाढ कधी बसवली?" मागच्या गृहस्थांचा धीर सुटला. "अहो ताई, दाताच्या दवाखान्यात जा ना, इथे कशाला रांग अडवताय!" पण दाताबद्दल कुणी आस्थेने विचारलं की माणूस विरघळतो, हा माझा अनुभव आहे. घरात ऐकून ऐकून सगळे कंटाळलेले असतात. कारकून खिडकीकडे वाकला. "झाले दोनेक महिने. पुलाजवळच्या डॉक्टरांकडे. फॉरेनची आहे." "चावताना कशी वाटते?" "वाटायचं काय त्यात? दाढ आहे, गाणं थोडीच म्हणणार?" असं म्हणून त्याने शिक्का उचलला, आणि मग शिक्का हवेतच धरून म्हणाला, "जीभ मात्र सारखी तिथेच जाते बघा."

बाहेर पडले तेव्हा मला आधी राग आला होता. पुलाजवळच्या डॉक्टरांचं काम ज्या लॅबकडे जातं तिथे मशीन येऊन वर्ष झालं होतं. मास्तरांनी काम सोडलं त्यालाही तेवढंच झालं असेल. हात थरथरतो म्हणाले होते. थरथरतो म्हणून आमच्याकडून उठले आणि तिकडे जाऊन बसले की काय, चकतीच्या दाढांवर पायवाटा कोरत? आणि मला सांगितलं नाही? रस्ता ओलांडताना मी हे स्वतःशी दोन-तीनदा म्हटलं, मला सांगितलं नाही, आणि तेव्हा लक्षात आलं की राग खरा नाही, त्याच्याखाली भीती आहे, आदल्या दिवसापासूनची. शुक्रवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. साहेब म्हणजे आमच्या लॅबचे मालक. माणूस वाईट नाही, फक्त घाईत जन्मलेला. उभ्याउभ्या चहा पितात आणि जिभेला चटका बसला की चहावाल्याला बोलतात. "ताई, मशीन आलं, चकत्या आल्या," ते म्हणाले, "आता मेणाचं टेबल काढू या. मशीनला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरला तोच कोपरा लागतोय. तुम्ही स्क्रीनवर बसा. मशीनवाला शिकवेल." मी विचारलं, "आणि कोरायचं काय?" "कोरायचं काय म्हणजे? मशीन कोरतं की." "मग माझा हात?" "हात लागतोच ना. माऊस धरायला!" ते हसले, वरच्या ओळीतला एक दात किंचित तिरपा आहे त्यांचा. मी म्हटलं, बघते. "बघू नका, सोमवारी सांगा. नाहीतर मला बाहेरून स्क्रीनवालं माणूस आणावं लागेल. आधीच पहिल्या दोन दाढा परत आल्यात. फिटिंग उत्तम म्हणे, पण पेशंट म्हणतो दुसऱ्या कुणाची तरी वाटते. आता याला काय औषध?"

टेबल म्हणजे नुसतं टेबल असतं तर मी त्याच दिवशी हो म्हटलं असतं. त्याच्या कडेला माझ्या कोपराने खळगा पडलाय. दिव्याची बारीक ज्योत, तिच्यावर तापलेली सुरी, मेणाचा तो गोडसर वास जो घरी गेल्यावरही केसांत राहतो. पूर्वी आम्ही चौघं होतो त्या टेबलाशी. मशीन येणार अशी नुसती कुणकुण लागली आणि एकाने मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकलं. दुसरा मेहुण्याच्या धंद्यात गेला. मास्तर हात दाखवून उठले. राहिले मी. मला या सगळ्यात एक गोष्ट फार दिवसांपासून छळत होती आणि ती कुणाशी बोलता येत नव्हती. बाहेरदेशाचा माल आम्हाला नवा नाही. आमची पावडर कायम बाहेरूनच यायची, भट्टीसुद्धा बाहेरची. पण पावडरीचं खोकं आलं की टेबलाभोवती खुर्च्या वाढायच्या, कारण पावडरीला स्वतःचं असं काही माहीत नसतं; तिचा दात करायला हात लागतात. चकतीचं खोकं आलं तशा खुर्च्या कमी झाल्या. चकती दिसायला पावडरीपेक्षाही मुकी, पांढरी थाळी नुसती. मग तिच्याबरोबर असं काय येतं, जे पावडरीबरोबर येत नव्हतं? मशीनवाल्याने उत्तर दाखवलं होतं. त्याने स्क्रीनवर एक कपाट उघडलं आणि त्यात दात होते, शेकडो, रांगेने, नंबर दिलेले, हवेत फिरणारे. "संग्रह," तो म्हणाला, "चकतीबरोबर मिळतो. यातला निवडायचा, जागेवर बसवायचा, बटण दाबायचं." म्हणजे खोक्यातून नुसता माल आला नव्हता, कुणीतरी आधीच करून ठेवलेलं कामही आलं होतं. ते कुणी केलं? त्या दाढा कुणाच्या तोंडातल्या? हे विचारल्यावर मशीनवाला माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी साखरेच्या दाण्याला त्याचं गाव विचारलं होतं.

मास्तर लेकीकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर. पाणीपट्टीच्या खिडकीवरून मी थेट तिकडे गेले तेव्हा ते गॅलरीत बसून लसूण सोलत होते, मेण कोरायच्या सुरीने. मला ती सुरी बघून वाईट वाटलं आणि हसूही आलं, कारण पाकळी इतकी सुबक सोलली जात होती की तिला दाताच्या जागी बसवून द्यावी. हात थरथरत होता. सुरी पाकळीला टेकली की थांबत होता, उचलली की पुन्हा थरथरत होता. "ये," ते म्हणाले, "आज वाट चुकलीस?" मी बसण्याआधीच विचारलं, "मास्तर, हल्ली कुठे जाता?" "जिना उतरून खाली, आणि जिना चढून वर. का गं?" "पुलाजवळच्या डॉक्टरांचं काम कोण करतं?" "मला काय ठाऊक? तू भांडायला आलीयस का चहा प्यायला?" आतून त्यांच्या लेकीने विचारलं, "साखर किती?" मास्तर म्हणाले, "घाल बेतानं, पाहुणी आधीच तापलीय." मग मी सांगितलं, कारकून, जांभई, चकतीची दाढ, पायवाट. मास्तरांचा हात थांबला. "कुठून निघते?" "मधल्या खळग्यातून." "काठ ओलांडते?" "ओलांडून उतरते. सरळ." त्यांनी सुरी ताटात ठेवली. मग खांदे हलायला लागले. मास्तर हसतात ते असंच, तोंड मिटून, मिशीच्या आड. "म्हणजे आली म्हणायची परत," ते म्हणाले.

"काय आली?" मी विचारलं. त्यांनी लसणाचं ताट बाजूला केलं, उजेडाकडे तोंड केलं आणि आ वासला. "बघ." मी मोबाईलची बॅटरी लावली आणि मास्तरांच्या तोंडात पहिल्यांदाच बघितलं. खरंच पहिल्यांदा. वाण्याचे, रिक्षावाल्याचे, नवऱ्याच्या मामेभावांचे, सगळ्यांचे दात मला पाठ आहेत, आणि ज्यांच्या दाढेच्या गोष्टी मी आयुष्यभर सांगितल्या त्यांच्या तोंडात मी कधी डोकावले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. खालची डावी मोठी दाढ जागेवर होती, झिजलेली, माथा तुळतुळीत. पण झीज काठापर्यंत जात नाही, आणि काठ अखंड होता. पायवाट नव्हती. कधी नसणारच. मी दुसरीकडे बघितलं, उजवीकडे, तिथेही नव्हती. "मिटू का तोंड?" त्यांनी घशातून विचारलं. मी बॅटरी विझवली. मला उगीचच रडू येईलसं वाटलं, आणि त्याच वेळी आत काहीतरी टवकारून बसलं. मास्तरांची नाही, तर मग कुणाची?

त्यांनी लेकीकडून बटणांचा डबा मागवला. बटणांत बोटं घालून बराच वेळ खुडबुडले आणि एक दाढ काढून माझ्या तळहातावर ठेवली. पिवळट, जुन्या बनावटीची, तळाला लाल मेणाचा डाग. "मी कामाला लागलो तेव्हा आपल्याकडे कुणी दात कोरत नव्हतं," ते म्हणाले. "कोरायची गरजच नव्हती. बाहेरून तयार यायचे, लाल मेणाच्या पट्टीवर चिकटवलेले. आम्ही पट्टीवरून सोडवायचे, कवळीत बसवायचे. प्लास्टर कालवणं हे माझं काम. एके दिवशी माल यायचा थांबला. का थांबला, कुणी थांबवला, ते मोठ्यांचं मोठ्यांना ठाऊक. डॉक्टर म्हणाले, आता काय लोकांनी बोळक्यानं खायचं? पट्टीवर ही शेवटची राहिली होती. हिला समोर ठेवलं आणि हिच्याकडे बघून कोरायला लागलो. पहिल्या दाढा काय होत्या म्हणतेस! गूळ घालून दिल्या असत्या तर मुंग्यांनीही उचलल्या नसत्या. पण दुसरं कुणी नव्हतं, म्हणून लोकांनी घेतल्या. हळूहळू हात बसला. मग पुढे पावडर यायला लागली, तोवर आम्ही कारागीर झालो होतो." मी दाढ उजेडात धरली. खळगा, खाचा, आणि जिभेच्या बाजूचा काठ ओलांडून उतरणारी पायवाट, सरळ. कारकुनाच्या तोंडात होती तशीच. "मला वाटलं, सगळ्याच दाढांना असते," मास्तर म्हणाले. "मी दुसरी दाढ कुठे पाहिली होती? कळलं तेव्हा अर्ध्या शहराच्या तोंडात गेली होती. मग राहू दिली. कुणी तक्रार केली नाही." "आम्हाला का नाही सांगितलंत?" "तुम्ही विचारलंत का? तुम्ही माझीच आहे म्हणत होतात. मला बरं वाटत होतं ऐकायला."

चहा गार होईपर्यंत मी ती दाढ फिरवत बसले. म्हणजे कुठल्या तरी परक्या शहरात एक माणूस होता, किंवा बाई, जिच्या दाढेवर ही एक खाच जास्तीची होती. कुणीतरी तिच्या तोंडाचा ठसा घेतला असेल. खोकला आला असेल तिला, प्लास्टरची चव जिभेवर राहिली असेल, आणि ती घरी जाऊन विसरली असेल. तिच्या पायवाटेत अन्न अडकायचं का? ती काडीने काढायची का? तिला हे कधी कळलं नाही की समुद्रापलीकडे एक प्लास्टर कालवणारा माणूस तिची दाढ समोर ठेवून आयुष्य काढतोय. आणि आता तेव्हा दात पाठवणाऱ्या कंपनीने, की तिच्या पोटी निघालेल्या दुसऱ्या कंपनीने, तीच दाढ नंबर देऊन संग्रहात घातली, आणि ती पुन्हा आमच्याकडे आली. पहिल्यांदा यायची थांबली म्हणून आमची टेबलं मांडली गेली, आणि परत आली म्हणून ती उचलली जाणार. मी रागावायला हवं होतं. पण मला नवलच वाटत राहिलं, अशा नवलात माणसाला आपलं दुःख थोडा वेळ सापडत नाही. निघताना मास्तर म्हणाले, "ने ती. मला बटणं शोधताना मधे येते."

रविवारी सासूबाईंची कवळी घासायला घेतली तेव्हा ती मी जरा जास्तच वेळ न्याहाळली. ती मीच केलेली. सासूबाई चारचौघांत सांगतात, "लोकांच्या सुना उलट बोलतात. मी सुनेला बोलते तेसुद्धा तिनंच दिलेल्या दातांनी बोलते." मी त्यांना विचारलं, "आई, पायवाट लागते का हो जिभेला?" त्या नुसत्या हिरड्यांनी म्हणाल्या, "आधी दात दे, मग विचार." दात घातल्यावर त्यांनी जीभ फिरवली, डोळे मिटून, देवाचं नाव घेतल्यासारखी. "लागते की. पहिले पहिले परकं वाटायचं सगळं. मग जिभेनं करून घेतलं घरचं. सूनसुद्धा बाहेरूनच येते." माझा नवरा वर्तमानपत्राआडून हसला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्यांच्याकडे आता सगळं कंट्रोल एका बंद पेटीत येतं, बाहेरदेशाहून, वर लिहिलेलं असतं, उघडू नये. "पेटी आली म्हणून माणसं लिफ्टमध्ये अडकायची थांबली का?" तो म्हणाला. "आमच्यातले निम्मे गेले, खरंय. पण जे राहिले त्यांना आधी जेवढं येत होतं तेवढ्यावर भागत नाही. तू हो म्हण." "टेबल जाईल." "टेबल जाईल," त्याने मान्य केलं. एवढं बोलून तो कोडं सोडवायला लागला आणि मी गॅसवरचं दूध बघायला उठले. माझी स्वतःची डावी दाढ मास्तरांनी केलेली आहे, मी एकोणीस वर्षांची असताना. दूध वर येईपर्यंत जीभ तिच्या पायवाटेवरून जात-येत होती. सरळ, खाली. हाताला डोकं नसतं असं म्हणतात. मला त्या वेळी डोक्यापेक्षा हाताचीच काळजी वाटत होती, की याला उद्यापासून काय सांगायचं.

सोमवारी मी लवकर गेले. मशीनवाला एकटाच होता, त्याने आनंदाने जागा दिली. सकाळी सकाळी कुणी शिकायला येतं म्हटल्यावर कुणालाही बरं वाटतं. मी मास्तरांनी बटणांच्या डब्यातून दिलेली दाढ मशीनच्या डोळ्यासमोर ठेवली. ती स्क्रीनवर उमटली, पिवळेपणा गेलेला, राखाडी. मग संग्रह उघडला आणि एकेक दाढ फिरवत गेले. किती तऱ्हेच्या दाढा असतात! मला वाटायचं मी पुष्कळ पाहिल्यात. एक बसकी, एक रागीट, एक लहान मुलीसारखी. आणि मग ती सापडली, जास्तीची खाच असलेली. "या दोन एकमेकींवर ठेवता येतात का?" मी विचारलं. येतात म्हणाला, सारखं असेल ते निळं दिसतं, वेगळं असेल ते लाल. दोन्ही दाढा एकमेकींत शिरल्या आणि सगळं निळं झालं, फक्त एका कोपऱ्यात लाल ठिपका, जिथे मास्तरांच्या दाढेचा टवका उडाला होता. एकच तोंड. मी खुर्चीत मागे टेकले. मग सहज, खरंच सहज, टेबलावरची माझी शेवटची मेणाची दाढ आणून ठेवली, शुक्रवारी कोरलेली. मला बघायचं होतं की इतक्या वर्षांत नक्कल किती शाबूत राहिली. मेणाची दाढ त्या परक्या दाढेवर बसली, आणि स्क्रीन लाल झाला. उंचवटे लाल, उतार लाल, खळग्याचा तळ तेवढा निळा, डबक्याएवढा. आणि पायवाट निळ्यातून निघत होती, काठाशी येत होती, आणि काठ ओलांडला की वळत होती. मागे, घशाकडे. परक्या दाढेची तिथून सरळ खाली जात होती आणि माझी तिला सोडून भलतीकडेच निघाली होती, लालभडक.

मी डावखुरी आहे. मास्तर समोर बसून शिकवायचे, मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघून डावा चालवायची, आरशात बघून केस विंचरल्यासारखं. सुरी काठावरून उतरताना माझं मनगट तिकडेच झुकतं. मला ते कधी दिसलं नव्हतं, कारण मी कोरताना माझी दाढ बघतच नव्हते. मी मास्तरांची बघत होते. आणि मास्तर माझ्या दाढा रोज हातात घेऊन बघायचे. त्यांना दिसलं नसेल? त्यांनी एकदाही ती सरळ केली नाही. मला छातीत काहीतरी गरम वाटलं, आनंदच म्हणायचा तो. इतकी वर्षं मी नक्कल करतेय असं समजत होते आणि हे लाल सगळं माझं होतं. मशीनवाला वाकून म्हणाला, "लाल म्हणजे चूक, मॅडम. घाबरू नका. हे बटण दाबलं की ते आपोआप निळं करून देतं."

तेवढ्यात साहेब आले, त्यांच्या मागे कॉम्प्रेसर बसवणारे दोघे, खांद्यावर पाइपाचं भेंडोळं. "ताई, ठरलं का? यांना कोपरा मोकळा करून हवाय." मी खुर्ची वळवली. "साहेब, तुमची डावीकडची खालची दाढ कुणी केली?" "तुम्हीच की. लॅब काढली त्या वर्षी." "काही त्रास?" "छे, विसरूनसुद्धा गेलो होतो. का?" "जरा जीभ लावून बघा." "आत्ता?" "आत्ताच. मधल्या खळग्यातून एक खाच निघते बघा. ती काठ ओलांडून कुठे जाते?" साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, कॉम्प्रेसरवाल्यांकडे बघितलं, आणि मग तोंड मिटून जीभ लावली. जबडा एका बाजूला सरकला, नजर छताला लागली. कॉम्प्रेसरवाल्यांपैकी एकाचीही जीभ त्याच्या गालात फिरायला लागलेली मला दिसली. "खाली उतरते," साहेब म्हणाले. थांबले. "नाही. वळते. मागे, घशाकडे." त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, त्या लाल वळणाकडे, आणि त्यांचा जबडा तसाच तिरपा राहिला. "हे मी चघळतोय रोज?" "रोज. हे बटण दाबलं की ती सरळ होते." मशीनवाल्याने बोट पुढे केलं होतं, दाखवायला म्हणून. "थांब रे," साहेब म्हणाले, आणि इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

"मी स्क्रीनवर बसते," मी म्हटलं. "मला आवडतंय ते. पण मशीनमधून दाढ बाहेर येते तेव्हा खडूसारखी मऊ असते, हे मी शुक्रवारी बघितलंय. भट्टीत जाण्याआधी ती माझ्या टेबलावरून जाईल. माझ्या हाताखालून." "प्रत्येक?" "दाढा तरी. पुढच्या दातांचं बघू." साहेब कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेले, माझ्या कोपराने पाडलेल्या खळग्यावर बोट ठेवलं, आणि मग दारातून बाहेरच्या गॅलरीत डोकावून त्या दोघांना विचारलं, "गॅलरीत पोचेल का हो पाइप?" "पोचेल, पण आणखी पाइप लागेल. आणि पावसात झाकावा लागेल." "मग झाका," साहेब म्हणाले. दुपारी हात धुवायला उठले तेव्हा केबिनचं दार उघडं होतं. डबा समोर तसाच होता, न उघडलेला, आणि साहेब खुर्चीत टेकून बसले होते, घाई नसल्यासारखे. त्यांचा जबडा हळूहळू हलत होता.